आधी वैरण, मग पेंड, शेवटी पूरके: संकरित गाईचे दूध आहारातून वाढवण्याची पद्धत

गाईचे दूध दोन लिटरने उतरले की बहुतेक गोठ्यांत पहिला उपाय ठरलेला असतो: पेंडीचे माप वाढवायचे किंवा दुकानातून कॅल्शियमची बाटली आणायची. कधी कधी दूध थोडे वाढतेही, पण वाढलेल्या दुधाचे पैसे पेंडीच्या पोत्यात आणि बाटलीत जातात आणि महिन्याच्या बिलात हाती काही उरत नाही. दूध उत्पादनाच्या खर्चात चारा आणि खुराक यांचा वाटा साधारण ६० ते ७० टक्के असतो. त्यामुळे दूध वाढवणे आणि खर्च आटोक्यात ठेवणे ही दोन वेगळी कामे नसून दोन्हींचा हिशेब गव्हाणीतच होतो. हा हिशेब करण्याचा एक क्रम आहे. आधी वैरण, तिच्यातली उणीव भरण्यापुरता खुराक (पेंड, भरडा, भुसा यांचे मिश्रण) आणि सर्वांत शेवटी पूरके. हा क्रम उलटा झाला की महागडी पूरके वाया जातात, असे माझे ठाम मत आहे.

पुढील सर्व आकडे पश्चिम महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारी, सुमारे ४०० किलो वजनाची, दिवसाला १५ लिटर दूध देणारी होल्स्टिन संकरित गाय समोर ठेवून दिले आहेत. देशी गाय, जर्सी संकर किंवा म्हैस असेल तर आकडे बदलतात, पद्धत तीच राहते. गाईला स्तनदाह, जंत, गोचीड किंवा खुरांचा त्रास असेल तर आधी त्यावर उपचार करावेत. आजारी गाईला चांगला आहार दिला तरी दूध अपेक्षेप्रमाणे वाढत नाही.

वजन आणि नोंद

गाईचे वजन माहीत नसताना आहार ठरवता येत नाही आणि प्रत्येक गोठ्यात वजनकाटा नसतो. त्यासाठी शिंप्याकडची मोजपट्टी पुरते. गाय सपाट जागेवर सरळ उभी करून पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजावा आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे अंदाजे वजन किलोत मिळते. घेर ७० इंच आणि लांबी ५४ इंच असेल तर वजन सुमारे ४०० किलो येते. याबरोबर प्रत्येक गाईचे सकाळ-संध्याकाळचे दूध, विण्याची तारीख, रेतनाची तारीख आणि दूध संकलन केंद्रावरील फॅट (स्निग्धांश) व एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ) एका वहीत लिहावे. सगळ्या गाईंना एकाच मापाने खुराक घालण्याची सवय मोडायची असेल, तर ही वही लागतेच. एकाच दावणीवर २० लिटरची गाय उपाशी आणि ८ लिटरची गाय लठ्ठ होत असल्याचे चित्र अनेक गोठ्यांत दिसते, आणि त्याचे कारण समान माप हेच असते.

शुष्क पदार्थाचा हिशेब

गाईने ४० किलो हिरवा चारा खाल्ला, या सांगण्यावरून तिला किती अन्न मिळाले ते कळत नाही, कारण हिरव्या चाऱ्यात ७५ ते ८५ टक्के पाणीच असते. पाणी वगळून उरतो तो शुष्क पदार्थ, आणि आहाराचा सगळा हिशेब त्यावरच करावा लागतो. हिरव्या संकरित नेपिअरमध्ये आणि लसूणघासात सुमारे २० टक्के, चांगल्या मक्याच्या मुरघासात (हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) सुमारे ३० टक्के, तर कडब्यात आणि पेंडीत सुमारे ९० टक्के शुष्क पदार्थ असतो. दुधातील गाईला तिच्या वजनाच्या ३ ते ३.५ टक्के शुष्क पदार्थ रोज लागतो, म्हणजे आपल्या ४०० किलोच्या गाईला साधारण १३ किलो. यातील किमान ५५ ते ६० टक्के भाग वैरणीतून यायला हवा. गाईच्या कोटीपोटातील (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव तंतुमय चाऱ्यावर जगतात, आणि त्या तंतूंपासून तयार होणारे ॲसेटिक आम्ल दुधातील फॅट बनवण्यासाठी वापरले जाते. वैरण कमी करून खुराक वाढवला की फॅट घसरते ते यामुळेच.

वैरण: सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे काम

एकदल आणि द्विदल चारा एकत्र असणे ही चांगल्या वैरणीची पहिली अट आहे. मका, ज्वारी, ओट आणि संकरित नेपिअर ही एकदल पिके ऊर्जा आणि भरपूर वजन देतात. लसूणघास, बरसीम आणि चवळी ही द्विदल पिके प्रथिने व कॅल्शियम देतात. चाऱ्यासाठी मक्याची आफ्रिकन टॉल ही जात चांगली रुळलेली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले जयवंत आणि फुले गुणवंत या नेपिअरच्या जाती, तसेच लसूणघासाची आरएल-८८ ही जात राज्यात अनेक ठिकाणी लावली जाते. नेपिअर कापायला फार उशीर केला की उंची आणि वजन वाढते, पण खोड जून होऊन पचनीयता उतरते. म्हणून पहिल्या कापणीनंतर दर ४५ दिवसांच्या आसपास कापणी करावी आणि कुट्टी करूनच घालावे.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हंगामात उसाचे वाढे (शेंड्याचा हिरवा पाला) स्वस्त मिळते म्हणून गव्हाण त्यानेच भरली जाते. वाढ्यात प्रथिने फार कमी आणि ऑक्झलेट जास्त असते. हे ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि गाईला ते मिळू देत नाही. नेपिअरमध्ये, तसेच कोकणात आणि मावळात वापरल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्यातही हाच दोष काही प्रमाणात आहे. यावर उपाय म्हणजे या वैरणी पूर्ण बंद करणे नव्हे, तर त्या एकट्या न घालता द्विदल चाऱ्याबरोबर मर्यादेत घालणे आणि खनिज मिश्रण कधीही न चुकवणे. ज्वारीच्या बाबतीत मात्र कडक शिस्त हवी. फुलोऱ्यापूर्वीच्या कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याच्या ताणावर असलेल्या किंवा कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यात, हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि ते खाल्लेल्या जनावराला किराळ लागून (विषबाधा होऊन) काही मिनिटांत ते दगावू शकते. ज्वारी ५० टक्के फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नये.

वर्षभर एकसारखी वैरण मिळण्यासाठी मुरघास हा आजचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, कारण चारा बदलला की दूध हलते आणि उन्हाळ्यात हिरवा चारा संपला की ते कोसळते. मक्याचे कणीस चिकातून पुढे सरकून दाणा मऊ पिठासारखा दाबला जाऊ लागला की मका मुरघासासाठी तयार झाला असे समजावे. या वेळी झाडातील शुष्क पदार्थ ३० ते ३५ टक्क्यांच्या आसपास असतो. कापलेली कुट्टी मुठीत घट्ट दाबून सोडावी. हातातून पाणी टपकले तर मका अजून कोवळा आहे, गोळा लगेच विस्कटला तर तो जास्त वाळला आहे, आणि गोळा हळूहळू उकलून हाताला फक्त ओल लागली तर तीच योग्य वेळ आहे. कुट्टी १ ते २ सेंटीमीटर लांबीची करावी, खड्ड्यात किंवा बॅगेत पातळ थर देऊन प्रत्येक थर ट्रॅक्टरने किंवा पायाने पूर्ण दाबावा, आणि भरण्याचे काम शक्यतो एका दिवसात उरकून हवा जाणार नाही असे बंद करावे. मुरघास बिघडण्याची बहुतेक कारणे दाबण्यातील कुचराईत आणि फाटलेल्या कागदात असतात. किमान ४५ दिवसांनी उघडावा. चांगला मुरघास पिवळसर हिरवा आणि आंबूस गोड वासाचा असतो. काळा, बुरशी आलेला किंवा कुजका वास येणारा भाग गाभण गाईलाच काय, कोणत्याही जनावराला घालू नये.

एका गाईला रोज १० किलो मुरघास द्यायचा असेल तर वर्षाला सुमारे ३,६५० किलो लागतो, आणि नासधूस धरून ४ टनांच्या थोडे वर तयारी ठेवावी. एका घनमीटर खड्ड्यात साधारण ५०० ते ६०० किलो मुरघास मावतो, म्हणजे एका गाईसाठी ७ ते ८ घनमीटर जागा पुरते.

कडबा, गव्हाचे काड, भाताचा पेंढा किंवा विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनचे कुटार यांचा कस युरिया प्रक्रियेने वाढतो. १०० किलो वाळलेल्या वैरणीवर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून प्लॅस्टिकने हवाबंद करावे आणि २१ दिवसांनी उघडावे. घालण्यापूर्वी ती वैरण काही तास मोकळ्या हवेत पसरून अमोनियाचा वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना ती देऊ नये. युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागू नये यासाठी बादल्या लगेच धुवून उलट्या ठेवाव्यात.

खुराक किती आणि कशाचा

प्रचलित ठोकताळा असा आहे की शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे १ किलो खुराक द्यावा. १५ लिटरच्या गाईला या हिशेबाने साडेसात किलो होतो. पण या ठोकताळ्यात वैरण कशी आहे हा प्रश्नच विचारलेला नाही. समजा आपल्या गाईला १५ किलो नेपिअर, ५ किलो लसूणघास, १० किलो मक्याचा मुरघास आणि २ किलो कडबा मिळतो. त्यातून अनुक्रमे ३, १, ३ आणि १.८ किलो, म्हणजे एकूण ८.८ किलो शुष्क पदार्थ आणि सुमारे पाऊण किलो प्रथिने येतात. ४०० किलो वजनाच्या आणि १५ लिटर दूध देणाऱ्या गाईला दिवसाला सुमारे १.७ किलो प्रथिने आणि ८ किलोच्या आसपास एकूण पचनीय पदार्थ (आहारातील ऊर्जेचे माप) लागतात. उरलेली प्रथिने आणि ऊर्जा १९ टक्के प्रथिनांच्या चांगल्या खुराकातून भरायची तर ५ किलो पुरतो आणि एकूण शुष्क पदार्थ १३.३ किलो, म्हणजे नेमका हवा तेवढा होतो.

आता याच गाईला फक्त ५ किलो कडबा आणि १५ किलो वाढे घातले तर काय होते ते पाहावे. शुष्क पदार्थ जवळजवळ तेवढाच, ८.७ किलो मिळतो, पोटही भरते, पण प्रथिने जेमतेम निम्मी मिळतात. ही तूट भरायला रोज सुमारे २ किलो खुराक जास्त लागतो, आणि वाढ्यातील ऊर्जाही कमी असल्याने तेवढ्यावर भागतेच असे नाही. चांगल्या वैरणीची खरी किंमत या दोन किलोंत दिसते. पाच गाईंच्या गोठ्यात हा फरक रोज दहा किलोंचा होतो.

खुराक घरी तयार करायचा असेल तर १०० किलोसाठी मक्याचा भरडा ३२ किलो, सरकी पेंड २० किलो, सोयाबीन पेंड १८ किलो, गव्हाचा भुसा १७ किलो, तूर किंवा हरभऱ्याची चुनी १० किलो, खनिज मिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो हे प्रमाण चालते. यात सुमारे १९ टक्के प्रथिने येतात. मका ऊर्जा देतो, सोयाबीन पेंड प्रथिने देते, आणि सरकी पेंडीतील प्रथिनांचा बराचसा भाग कोटीपोटात न फुटता पुढे आतड्यात जाऊन गाईच्या थेट उपयोगी पडतो. म्हणून नुसती सरकी किंवा नुसता गहू भुसा घालण्यापेक्षा मिश्रण नेहमीच सरस ठरते. धान्य पिठासारखे बारीक दळू नये, जाडसर भरडावे. बाजारातील गोळी पेंड घेताना पोत्यावरील भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, प्रथिनांची टक्केवारी आणि उत्पादनाची तारीख पाहावी. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर ती स्वस्त असली तरी नाकारावी. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष गाईच्या यकृताला अपाय करते आणि दुधातही उतरते. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड आणि मका यांत हा धोका अधिक असतो, म्हणून पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत.

घालण्याची रीत

एका वेळी ३ किलोपेक्षा जास्त खुराक घालू नये. ५ किलो खुराक दोन वेळांत आणि त्याहून जास्त असेल तर तीन ते चार वेळांत विभागावा, आणि त्याआधी गाईने थोडी वैरण खाल्लेली असावी. उपाशी पोटी भरपूर भरडा गेला की कोटीपोटात आम्ल झपाट्याने वाढते, रवंथ थांबते, शेण पातळ होते आणि पुढे खुरांचे दुखणे मागे लागते. त्याहून चांगले म्हणजे कुट्टी, मुरघास आणि खुराक एकत्र कालवून घालणे, कारण मग गाय निवडून खात नाही. आहारातील कोणताही बदल, मग तो नव्या कंपनीची पेंड असो किंवा मुरघासाची सुरुवात असो, १० ते १४ दिवसांत हळूहळू करावा, कारण नव्या अन्नाची सवय कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना व्हावी लागते.

दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, तरीही दिवसातून दोनदाच बादली दाखवण्याची पद्धत अजून गेलेली नाही. १५ लिटरच्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटरच्या आसपास पाणी लागू शकते. मुक्त संचार गोठ्यात सावलीत हौद ठेवून तो नियमित धुतल्यास आणि चोवीस तास पाणी मिळाल्यास काहीही खर्च न करता दूध वाढल्याचे अनेक ठिकाणी दिसते. मार्च ते मे या काळात संकरित गाय दुपारी फारसे खात नाही, म्हणून वैरणीचा मोठा हिस्सा पहाटे आणि रात्री घालावा.

पूरके: कोणती, केव्हा, कोणाला

खनिज मिश्रण हे एकच पूरक असे आहे की जे प्रत्येक गाईला, प्रत्येक ऋतूत लागते. घरच्या खुराकात ते २ टक्के घातले असेल तर ५ किलोतून १०० ग्रॅम मिळते आणि वेगळे द्यावे लागत नाही. गोळी पेंड वापरत असाल तर रोज ५० ते १०० ग्रॅम वेगळे द्यावे. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसबरोबर जस्त, तांबे, मँगनीज, कोबाल्ट आणि आयोडीनही असते. यांच्या कमतरतेने गाय वेळेवर माजावर येत नाही, आणि गाय वेळेवर गाभण न राहणे हे दुधाचे सर्वांत मोठे छुपे नुकसान आहे. नुसत्या कॅल्शियमच्या बाटलीने ही उणीव भरत नाही.

खुराकाचे प्रमाण जास्त असलेल्या गाईंना किंवा उन्हाच्या तडाख्यात खाण्याचा सोडा रोज ५० ते १०० ग्रॅम खुराकात मिसळून द्यावा. तो कोटीपोटातील आम्लता आवरतो आणि फॅट टिकवायला मदत करतो. बायपास फॅट (कोटीपोटात न विरघळता पुढे आतड्यात पचणारी चरबी) हे साधारण १५ लिटरच्या पुढच्या गाईंसाठी, विल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत उपयोगी आहे. सुरुवात ५० ते १०० ग्रॅमने करून २०० ग्रॅमपर्यंत जावे. त्याऐवजी खाद्यतेल पाजू नये, कारण मोकळे तेल कोटीपोटात तंतूंचे पचन बिघडवते. ८ ते १० लिटरच्या गाईला बायपास फॅट देणे हा निव्वळ खर्च आहे. तोच पैसा लसूणघासाच्या बियाण्यावर घालावा.

भाकड काळ आणि विण्यानंतरचे शंभर दिवस

पुढच्या वेताचे दूध भाकड काळातच ठरते, आणि नेमका याच काळात गाईकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. विण्यापूर्वी ६० दिवस दूध बंद करावे. या काळात गाय बारीकही नको आणि लठ्ठही नको. पाच गुणांच्या शरीरस्थिती मापनात ती ३.२५ ते ३.५ वर असावी, म्हणजे शेवटच्या बरगड्या हाताला लागाव्यात पण दुरून उठून दिसू नयेत. लठ्ठ गाय विल्यानंतर कमी खाते आणि किटोसिसला (अंगावरची चरबी प्रमाणाबाहेर वापरली गेल्याने होणाऱ्या आजाराला) बळी पडते.

शेवटच्या २१ दिवसांत विल्यानंतर घालायचा तोच खुराक १ किलोपासून सुरू करून हळूहळू अडीच ते तीन किलोंपर्यंत न्यावा. या तीन आठवड्यांत लसूणघास कमी करावा आणि जास्तीचे कॅल्शियम देऊ नये. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले तर हाडांतील साठा वापरण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि विल्यावर चिकात एकदम कॅल्शियम जाऊ लागले की रक्तातील पातळी कोसळून दुग्धज्वर होतो. अशी गाय विल्यानंतर बहुधा तीन दिवसांच्या आत मान एका बाजूला वळवून बसते आणि तिचे कान थंड पडतात. अशा वेळी तोंडाने काही पाजण्यात वेळ न घालवता पशुवैद्यकांना तातडीने बोलवावे. तिसऱ्या वेतापुढच्या जास्त दुधाच्या गाईंत हा धोका जास्त असल्याने विण्यापूर्वीच पशुवैद्यकांचा सल्ला घेऊन ठेवावा.

विल्यानंतर ५ ते ८ आठवड्यांत दूध उच्चांकावर पोहोचते, पण गाईची भूक पूर्ण खुलायला १० ते १२ आठवडे लागतात. मधल्या काळात ती स्वतःच्या अंगावरची चरबी वापरून दूध देते. उच्चांकातील एक लिटरची वाढ संपूर्ण वेतात सुमारे २०० लिटरची भर घालते, म्हणून चांगला मुरघास, लसूणघास आणि बायपास फॅट हे सर्व प्रथम या गाईंना द्यावे. खुराक मात्र दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा वेगाने वाढवू नये. खुराक नाकारून फक्त कडबा चघळणारी आणि झपाट्याने वाळणारी ताजी व्यालेली गाय किटोसिसची असू शकते, तिला लगेच तपासून घ्यावे.

आहार लागू पडतो आहे का

याचे उत्तर गाय आणि दूध संकलनाची पावती दोन्ही देतात. विश्रांतीला बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक गाई रवंथ करत असाव्यात. शेण पातळ आणि बुडबुड्यांचे असेल तर खुराक जास्त किंवा तंतू कमी आहेत, शेणात अख्खे दाणे दिसत असतील तर भरडा नीट नाही, आणि शेणाच्या कोरड्या घट्ट वड्या पडत असतील तर पाणी किंवा प्रथिने कमी पडत आहेत. राज्यात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. फॅट घसरले तर लांब तंतूंची वैरण वाढवावी आणि सोडा द्यावा. एसएनएफ घसरले तर गाईला ऊर्जा कमी मिळते आहे असे समजून मका किंवा मुरघास वाढवावा. या वेळी पेंड बदलण्याची घाई करू नये.

बदल एका वेळी एकच करावा आणि तो किमान १५ दिवस टिकवून वहीतील आधीच्या नोंदींशी ताडून पाहावा. अर्धा किलो खुराक वाढवल्यावर दूध किमान सव्वा लिटरने वाढले नाही, तर तो अर्धा किलो परत काढून घ्यावा. सात महिन्यांपुढच्या गाभण गाईचे दूध खुराकाने फारसे वाढत नाही. तिचे माप दूध उतरेल तसे कमी करत जावे आणि वाचलेला खुराक नुकत्याच व्यालेल्या गाईच्या गव्हाणीत टाकावा.